‘परंपरा खरी की बनवलेली?’ या प्रश्नाचं काय करायचं: लॉस एंजेलिसच्या एका कलाकेंद्राची गोष्ट

संशोधनाच्या तयारीत असलेल्या मित्रमैत्रिणींच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: ‘प्रस्तुत संशोधनात अमुक उत्सवाचा उगम व विकास अभ्यासला जाईल.’ वाक्यात चूक काहीच नाही. पण त्यात प्रश्नही नाही. उगम सापडला की काय होणार? उत्सव जुना निघाला तर खरा आणि नवा निघाला तर खोटा, असं ठरणार का? आजच्या लेखात आपण एकच उदाहरण घेऊन पाहू, की ‘उगम’ या शब्दापाशी अडकलेला विषय पुढे कसा सरकतो. उदाहरण लांबचं आहे, आणि ते मुद्दाम तसं घेतलंय. आपल्या गावच्या जत्रेबद्दल आपल्याला आधीच फार काही ‘माहीत’ असतं, त्यामुळे प्रश्न दिसत नाहीत.

आधी सण समजून घेऊ

मेक्सिकोत 1 आणि 2 नोव्हेंबरला ‘दिया दे लोस म्वेर्तोस’ म्हणजे मृतांचा दिवस पाळतात. सर्वसाधारणपणे 1 तारीख लहान वयात गेलेल्या मुलांची, 2 तारीख मोठ्यांची. घरात ‘ओफ्रेंदा’ म्हणजे मृतांसाठी वेदी मांडतात. तिच्यावर गेलेल्या माणसाचा फोटो, मेणबत्त्या, पाणी, मीठ, त्याच्या आवडीचं खाणं, ‘पान दे म्वेर्तो’ नावाचा गोड पाव, साखरेच्या कवट्या आणि भरपूर झेंडू. कबरी साफ करतात, सजवतात, तिथे बसून वेळ घालवतात. युनेस्कोने 2003 मध्ये या परंपरेला मान्यता दिली आणि 2008 मध्ये ती मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आली.

मग हे कलाकेंद्रात कसं आलं?

ईस्ट लॉस एंजेलिस हा मेक्सिकन वंशाच्या लोकांचा मोठा भाग. तिथे 1970 च्या सुमारास कॅरन बोकालेरो या फ्रान्सिस्कन पंथाच्या, स्वतः चित्रकार आणि मुद्राचित्रकार असलेल्या नन, आणि मेक्सिकन कलाकार कार्लोस ब्वेनो व अँतोनियो इबान्येझ यांनी एका गॅरेजमध्ये छपाईकलेचं काम सुरू केलं. त्यातून ‘सेल्फ हेल्प ग्राफिक्स अँड आर्ट’ हे केंद्र उभं राहिलं. थोड्याच काळात या मंडळींनी मृतांचा दिवस सार्वजनिकरीत्या साजरा करायला सुरुवात केली: वेदी, कवटीचे मुखवटे, रंगवलेले चेहरे, एव्हरग्रीन दफनभूमीपासून निघणारी मिरवणूक. त्याच सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोतल्या ‘गालेरिया दे ला रासा’ या कलादालनातही असंच चालू झालं होतं.

काळ लक्षात घ्या. 29 ऑगस्ट 1970 ला व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन-अमेरिकन लोकांचा प्रचंड मोर्चा निघाला. त्या दिवशी पोलिसांनी झाडलेलं अश्रुधुराचं नळकांडं लागून पत्रकार रुबेन सालाझार यांचा मृत्यू झाला. ‘चिकानो’ ही ओळख अभिमानाने मिरवणारी चळवळ तेव्हा भरात होती. शाळेत स्पॅनिश बोललं म्हणून शिक्षा झालेली पिढी आता ‘आपलं’ काय, ते शोधत होती. त्या शोधात हा सण सापडला.

‘सापडला’ हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. कारण खरी गंमत इथे आहे.

‘पण हे आमच्याकडे नव्हतंच!’

रेजिना मार्ची या माध्यम-अभ्यासक आहेत. अमेरिकेतल्या मृतांच्या दिवसावरचं त्यांचं ‘डे ऑफ द डेड इन द यूएसए’ हे पुस्तक 2009 मध्ये आलं. त्या दाखवतात की अमेरिकेतली बहुतेक मेक्सिकन कुटुंबं पूर्वी नोव्हेंबरच्या सुरुवातीला चर्चमध्ये जायची, कबरी साफ करायची, फुलं वाहायची. पण मोठमोठ्या वेदी, कवट्या, मिरवणूक हे त्यांच्याकडे फारसं नव्हतं. तो थाट मेक्सिकोच्या मध्य आणि दक्षिण भागातल्या आदिवासी समाजांचा. चिकानो कलाकारांनी तो पाहून, वाचून, शिकून घेतला आणि शहरातल्या दालनात नव्याने मांडला.

म्हणजे बनावट? थांबा. मेक्सिकोतला ‘मूळ’ सण तरी किती मूळ आहे, ते पाहू.

मानववंशशास्त्रज्ञ स्टॅन्ली ब्रँडेस यांनी 1997 च्या एका निबंधात साखर आणि वसाहतवाद यांच्या अंगाने हाच प्रश्न तपासला. त्यांची पद्धत शिकण्यासारखी आहे: वेदीवरच्या वस्तूंनाच प्रश्न विचारायचा. झेंडू मूळ मेक्सिकोचाच. पण ऊस आणि गहू स्पॅनिश लोकांबरोबर आले. म्हणजे आजची साखरेची कवटी आणि गव्हाचा पाव स्पॅनिश सत्तेच्या आधीचे असूच शकत नाहीत. 1 आणि 2 नोव्हेंबर या तारखा कॅथलिक पंचांगातल्या. ब्रँडेस यांचं म्हणणं असं, की हा सण सरळ अझ्टेक काळातून आला हा दावा पुराव्यापेक्षा राष्ट्रीय अस्मितेच्या गरजेतून जास्त पुढे आला.

आणखी एक उदाहरण. 2015 च्या ‘स्पेक्टर’ या जेम्स बाँडपटात मेक्सिको सिटीत मृतांच्या दिवसाची भव्य मिरवणूक दाखवली आहे. तशी मिरवणूक तेव्हा तिथे निघत नव्हती. 2016 पासून निघू लागली, सिनेमा पाहून!

आता ‘मूळ’ शोधायला गेलेल्या संशोधकाची पंचाईत होते. कांदा सोलत जावं तसं थरामागून थर निघत राहतात.

प्रश्न फिरवून पाहू

इथेच संशोधनाचं काम सुरू होतं. ‘हे खरं आहे का?’ ऐवजी असं विचारायचं: घरातली वेदी कलाकेंद्रात आली, तेव्हा काय काय बदललं?

पहिला बदल मृतांचा. घरच्या वेदीवर आजी, काका, लेकरू असतं. सार्वजनिक वेदीवर जे आपले नातलग नाहीत तेही येतात: कीटकनाशकांनी आजारी पडून गेलेले शेतमजूर, सीमा ओलांडताना वाळवंटात दगावलेले स्थलांतरित, एड्सने गेलेले तरुण, युद्धात मेलेले सैनिक. यातल्या अनेकांचा शोक जाहीरपणे कुणी केलेलाच नव्हता. वाळवंटात सापडलेल्या कित्येकांची तर ओळखही पटत नाही. वेदीवर त्यांच्यासाठी मेणबत्ती लावणं म्हणजे ‘हाही माणूस होता’ असं चारचौघांत म्हणणं. मार्ची या उत्सवांकडे राजकीय संवादाचं माध्यम म्हणून पाहतात, ते यामुळेच. भाषण नाही, घोषणा नाही, तरी म्हणणं पोचतं.

दुसरा बदल पाहणाऱ्यांचा. घरच्या वेदीपुढे येणारा प्रत्येक जण ओळखीचा असतो. केंद्रात अनोळखी, वेगळ्या वंशाचा, वेगळ्या धर्माचा, किंवा कुठलाच धर्म न मानणारा माणूसही येतो. त्याला वेदी वाचता यावी म्हणून चिठ्ठ्या, नावं, माहिती लिहावी लागते. कार्यशाळा घ्याव्या लागतात. मुलांना पताका कातरायला शिकवावं लागतं.

तिसरा बदल करणाऱ्यांचा. ओफेलिया एस्पार्झा यांचं उदाहरण बघा. वेदी मांडायची रीत त्या आईकडून घरी शिकल्या, मग सेल्फ हेल्प ग्राफिक्समध्ये वर्षानुवर्षं वेदी मांडत राहिल्या. 2018 मध्ये त्यांना अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीची ‘हेरिटेज फेलोशिप’ मिळाली. घरातली रीत आता राष्ट्रीय पातळीवर ‘कला’ ठरली. इथे एक चांगला उपप्रश्न आहे: आईकडून शिकलेली गोष्ट आणि केंद्राने वाढवलेली गोष्ट, यांत ‘परंपरा’ कोणती? एकाच बाईच्या हातात दोन्ही असताना ही विभागणी टिकते का?

चौथा बदल बाजाराचा. 2013 मध्ये डिस्नी कंपनीने आगामी सिनेमासाठी ‘दिया दे लोस म्वेर्तोस’ या नावावरच व्यापारचिन्हाचा हक्क मागितला. इतका संताप उसळला की थोड्याच दिवसांत अर्ज मागे घ्यावा लागला. सिनेमा पुढे ‘कोको’ नावाने 2017 मध्ये आला. आता विचार करा: ज्या अमेरिकन लोकांनी हा सण काही दशकांपूर्वी नव्याने उचलला, त्यांनाही तो ‘आमचा’ म्हणून भांडावंसं वाटलं. ‘बनवलेली परंपरा’ असं लेबल लावून मोकळं झालो, तर हा संताप आपल्याला समजणारच नाही.

कामाला लागताना

साधनं कुठली? या केंद्राची कागदपत्रं आणि छापील चित्रं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या संग्रहात आहेत. दरवर्षीची भित्तिपत्रकं एका रांगेत लावली, तरी कुठल्या वर्षी कुठला मृत्यू मध्यभागी आला ते दिसू लागेल. पहिला उत्सव कधी झाला, तर लिखाणात 1972 ही सापडतं आणि 1973 ही. यातलं एक खोडून टाकायची घाई करू नका. ‘पहिला’ म्हणजे काय, मोजक्या कलाकारांचा कार्यक्रम की वस्तीतली मिरवणूक, हे ठरवल्याशिवाय वर्ष ठरत नाही.

आणि प्रत्यक्ष निरीक्षण करायचं असेल तर एक गोष्ट विसरू नका. वेदी सार्वजनिक असली तरी तिच्यावरचा फोटो कुणाच्या तरी मुलाचा असतो. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी हातात असणं म्हणजे त्या आईची परवानगी असणं नव्हे. आधी उभं राहायचं, मग विचारायचं, वही त्यानंतर.

आणि आपलं काय?

‘अरे, हा तर मेक्सिकोचा पितृपक्ष!’ असं तुमच्या मनात आलंच असेल. साम्य दिसणं स्वाभाविक आहे, पण साम्य म्हणजे संबंध नव्हे. खरे संबंध वेगळे आणि जास्त रंजक आहेत. दसऱ्याला आपण दाराला बांधतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा, समुद्र ओलांडून इकडे आलेला. गोव्यातले कॅथलिक 2 नोव्हेंबरला दफनभूमीत जाऊन मेणबत्त्या लावतात, ती तारीख मेक्सिकोतल्याच चर्चच्या पंचांगातली. एकीकडे पोर्तुगीज, दुसरीकडे स्पॅनिश. साम्यावर प्रबंध लिहिता येत नाही, अशा वाटांवर मात्र लिहिता येतो.

आता तुमचा सिनॉप्सिस काढा. ‘उगम व विकास’ हे शब्द खोडा आणि त्या जागी तीन प्रश्न लिहा: हे आता कोण करतंय? कुणासाठी? आणि हे केलं नाही, तर कुणाची आठवण पुसली जाईल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना हात थबकला, तर समजा विषय सापडला.