सक्ती गेली, चॅपलेन राहिला

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले, हे मराठी घरांत अजून अभिमानाने सांगितलं जातं. पुढे त्यांना सेंट जॉन्स कॉलेजची फेलोशिप मिळाली, याचं मात्र कुणाला फारसं अप्रूप वाटत नाही. वाटायला हवं. १८६९ मध्ये नूमा हार्टॉग हा ज्यू तरुण असाच गणितात पहिला आला, पण फेलोशिपपासून वंचित राहिला, कारण त्यासाठी इंग्लंडच्या चर्चवर निष्ठा असल्याची कबुली द्यावी लागे. त्याच वर्षी तत्त्वज्ञ हेन्री सिज्विक यांनी, ही कबुली आपल्याला प्रामाणिकपणे देता येत नाही म्हणून, हातची फेलोशिप सोडली. जून १८७१ मध्ये कायद्याने ही अट काढली. हार्टॉग त्याच महिन्यात देवी येऊन वारला, अवघ्या पंचविसाव्या वर्षी. परांजपे तर हिंदू घरातले आणि वर उघड बुद्धिवादी. जुन्या नियमात त्यांचा निभाव लागणंच शक्य नव्हतं.

अट गेली तेव्हा कॉलेजातल्या पाद्र्याचं, म्हणजे चॅपलेनचं, काम संपायला हवं होतं. माझ्या मते ते तिथूनच खऱ्या अर्थाने सुरू झालं. विद्यार्थ्यांवरची चॅपलमधल्या प्रार्थनेच्या हजेरीची सक्ती मात्र एकदम गेली नाही. अमेरिकेत हार्वर्डने ती १८८६ मध्ये उठवली, येलने १९२६ मध्ये, प्रिन्स्टनने तर १९६४ पर्यंत ती या ना त्या स्वरूपात ठेवली. प्रार्थना चुकवणाऱ्याला जिथे शिक्षा होते, तिथे आपली शंका कोण बोलून दाखवणार? आज ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या चॅपलमध्ये सायंप्रार्थनेला गाणाऱ्यांत श्रद्धाळू असतात तसे केवळ संगीतासाठी येणारेही असतात. काही ठिकाणी निजण्यापूर्वीची छोटी प्रार्थना मेणबत्त्यांच्या उजेडात होते आणि नंतर सगळ्यांना हॉट चॉकलेट मिळतं. (भक्तीपेक्षा चॉकलेटची ओढ जास्त असली, तरी कुणी विचारत नाही.) पण चॅपलेनचा बराचसा वेळ ऐकण्यात जातो: परीक्षेची धास्ती, घरचा मृत्यू, मोडलेलं प्रेम, कधी ढळलेली श्रद्धा. त्याच्या हाती सहसा ना गुण असतात ना शिस्तीचा बडगा, म्हणून त्याच्याशी बोलता येतं.

कॉलेजात चॅपल आणि चॅपलेन असण्यावरचा सर्वांत झणझणीत आक्षेप शास्त्रज्ञ फ्रान्सिस क्रिक यांचा. केंब्रिजच्या नव्या चर्चिल कॉलेजात चॅपल होणार हे ठरल्यावर त्यांनी १९६१ मध्ये फेलोशिपचा राजीनामा दिला. ज्याला हवं त्यानेच आत जावं, बाकीच्यांना त्याचा काय त्रास, असं खुद्द चर्चिल यांनी कळवलं, तेव्हा क्रिक यांनी उत्तरादाखल दहा गिनींचा चेक पाठवला: याच न्यायाने कॉलेजात एक कुंटणखानाही काढा! थट्टा सोडली तरी मुद्दा खरा आहे, विज्ञानाला वाहिलेल्या कॉलेजने एका धर्माची सोय का करावी? अखेर चॅपल झालं, पण आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला आणि स्वतंत्र विश्वस्तांच्या ताब्यात. ही तडजोड मला योग्य वाटते. दुसरा आक्षेप असा, की प्रशिक्षित समुपदेशक असताना पाद्री कशाला? गंभीर मानसिक आजारात समुपदेशक आणि डॉक्टरच हवेत, यात वाद नाही. पण समुपदेशकाकडे जायचं तर आधी अडचण काय ते सांगून वेळ घ्यावी लागते, आणि अनेकांना नेमकी तीच सांगता येत नसते. राहिला धर्मप्रसाराचा संशय. प्रचार करणाऱ्या विद्यार्थी-संघटना आहेत, पण त्या विद्यार्थ्यांच्या आपापल्या. चॅपलेनची नेमणूक सर्वांसाठी असते. मात्र जुन्या कॉलेजात अँग्लिकन प्रार्थनेला शतकांपूर्वीची वास्तू आणि इतर धर्मीयांना एखादी रिकामी खोली, ही विषमता अजून दिसते आणि ती समर्थनीय नाही. हार्वर्डमधल्या वेगवेगळ्या पंथांच्या चॅपलेननी २०२१ मध्ये ग्रेग एपस्टाइन या निरीश्वरवादी मानवतावाद्याला आपला अध्यक्ष निवडलं, ही दिशा मला बरी वाटते.

आपल्याकडची मुलं आता मोठ्या संख्येने ब्रिटनमध्ये शिकायला जातात. पहिल्या हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधारून येतं आणि घरची आठवण छळते, तेव्हा चॅपलेनचं दार ठोठावायला बाप्तिस्मा झालेला असावा लागत नाही, एवढं त्यांना निघण्यापूर्वी जरूर सांगून ठेवा.