किरणोपचाराचे सहा आठवडे : एका वैद्याचा रुग्णानुभव

इतरांना पथ्यापथ्य सांगण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याच्यावरच घोटभर पेजेसाठी तासभर झुंजण्याची वेळ आली. जिभेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर मला किरणोपचाराच्या 30 बैठका व त्यासोबत दर आठवड्यास सिस्प्लॅटिन घ्यावे लागले. त्या काळात जे शिकावयास मिळाले, ते व्यवसायबंधूंच्या व औषधालय-चालकांच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखनाचा हेतू.

आरंभीच दंतवैद्यांनी दोन किडलेल्या दाढा काढल्या व जखम भरू दिली. किरणोपचारानंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा क्षीण होतो. पुढे कित्येक वर्षांनीही दात काढल्यास हाड निर्जीव होण्याचा धोका राहतो. त्यानंतर चेहरा व मान स्थिर ठेवणारा मुखवटा तयार करण्यात आला. आठवड्यातून पाच दिवस तो चढवून निश्चल पडून राहावयाचे. एकूण मात्रा 60 ग्रे. प्रत्यक्ष किरण घेताना वेदना नव्हती. त्रास मागाहून आला.

दुसऱ्या आठवड्याअखेर मुखपाक दिसू लागला. लाळ प्रथम चिकट झाली, मग आटली. चव गेली, मानेची त्वचा काळवंडली. मीठ व खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या, मऊ ब्रश, तोंड उघडण्याचा व्यायाम व वेदनाशामक औषध हा नित्यक्रम ठरला. वजन सात किलोंनी घटले, तेव्हा नाकातून अन्ननलिका घालण्याचे ठरले. मी आधी नकार दिला. पत्नीच्या आग्रहाने मानले, आणि त्या नळीनेच मला तारले.

चौथ्या आठवड्यात एका स्नेह्याने सुचविले, ‘‘आता हे पुरे, काढ्यांवर राहा.’’ मन डळमळले. किरणोपचार-तज्ज्ञांनी समजावले की मध्येच खंड पडल्यास उरलेल्या कर्कपेशींना पुन्हा वाढण्यास अवसर मिळतो व रोग उलटण्याची शक्यता वाढते. मी उर्वरित बैठका पूर्ण केल्या.

मग आपले कार्य कोणते? रुग्णाचा उपचार अखंड पार पडावा, यासाठी त्याला बळ देणे हेच. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत डोके व मानेच्या कर्करोगातील मुखपाकाच्या प्रतिबंधासाठी मध सुचविला आहे. आपल्या प्रतिसारणाशी परिचित असलेल्यांना यात नवल वाटणार नाही. मात्र मधुमेह व दातांची कीड यांचा विचार करूनच, तज्ज्ञांच्या संमतीने तो वापरावा.

तितकेच महत्त्वाचे, काय टाळावे ते. यष्टिमधु दीर्घकाळ पोटात घेतल्यास रक्तातील पोटॅशियम घटते. सिस्प्लॅटिननेही ते घटू शकते. याच औषधाने मूत्रपिंडावर ताण येत असल्याने भस्मे व रसकल्प परस्पर देऊ नयेत. बैठकीपूर्वी त्वचेवर जाड लेप असू नये. त्याने त्वचेला लागणारी मात्रा वाढते. आणि केमोथेरपी चालू असताना ताप 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 अंश फॅरनहाइट झाला, तर ज्वरघ्न कल्प देत न बसता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

औषधालय-चालकांनी गिऱ्हाइकास एकच प्रश्न आवर्जून विचारावा : ‘‘सध्या रुग्णालयात कोणता उपचार चालू आहे?’’ आणि दिलेल्या प्रत्येक कल्पाचे नाव चिठ्ठीवर लिहून द्यावे. ती चिठ्ठी कर्करोगतज्ज्ञांच्या हाती पडली पाहिजे. आज माझी लाळ पूर्ववत नाही. पाण्याची बाटली सदैव सोबत असते. तरी भाकरीची चव परतली आहे आणि चिकित्सालय पुन्हा सुरू झाले आहे.