अंतराळवीरांचा बिल्ला

आपल्या गणवेशाच्या खिशावर शाळेचे बोधचिन्ह असते. ते पाहिले की आपण कोणत्या शाळेचे, हे सांगावे लागत नाही. पूर्वी राजघराण्यांचीही अशी चिन्हे असत. आपल्या खारेपाटणला शिलाहार राजा रट्टराज याचा इ. स. १००८ मधील ताम्रपट सापडला. या शिलाहारांच्या ध्वजाचे चिन्ह होते सोनेरी गरुड.

अंतराळात जाणारे वीरही आपल्या पोशाखावर असेच एक चिन्ह लावतात. हा कापडी बिल्ला प्रत्येक मोहिमेसाठी नव्याने तयार करतात. ही प्रथा कशी सुरू झाली, ते पाहू.

सन १९६५ मध्ये अमेरिकेचे गॉर्डन कूपर आणि पीट कॉनरॅड हे ‘जेमिनी ५’ यानातून जाणार होते. आपल्या यानाला स्वतःच्या आवडीचे नाव द्यावे, अशी त्यांची इच्छा होती. वरिष्ठांनी परवानगी दिली नाही. तेव्हा कूपर यांनी दुसरी युक्ती काढली. लष्करातल्या तुकड्यांचे बिल्ले असतात, तसा आपल्या मोहिमेचाही असावा, असे त्यांनी सुचवले. त्या बिल्ल्यावर छप्पर असलेली जुनी घोडागाडी होती. अशाच गाड्यांतून पूर्वी लोक अमेरिकेच्या अनोळखी प्रदेशात गेले होते. गाडीवर ‘आठ दिवस’ पुरे करण्याचा निर्धार लिहिला होता. पण मोहीम अपुरी राहिली तर हसे होईल, या भीतीने वरिष्ठांनी ती अक्षरे कापडाच्या तुकड्याने झाकायला लावली. यान मात्र आठ दिवसांनीच परतले!

पुढे १९८१ ते २०११ या काळात अमेरिकेच्या ‘स्पेस शटल’ची एकूण १३५ उड्डाणे झाली. हे यान अग्निबाणासारखे वर जाई आणि विमानासारखे धावपट्टीवर उतरे. त्यामुळे ते पुन्हा वापरता येई. त्याच्या प्रत्येक मोहिमेला स्वतःचा बिल्ला होता. बहुतेक वेळा अंतराळवीर स्वतःच कल्पना सुचवत आणि चित्रकार ती कागदावर उतरवत.

यांपैकी आठव्या मोहिमेच्या बिल्ल्याशी आपल्या देशाचा जवळचा संबंध आहे. या बिल्ल्यावर काळेभोर आकाश आहे आणि आगीचा लोळ सोडत ‘चॅलेंजर’ यान वर झेपावत आहे. आकाशात गरुड तारकासमूहाचे आठ तारे चमकत आहेत. आठ तारे म्हणजे आठवी मोहीम. कडेने पाच अंतराळवीरांची नावे आहेत. पण आकाश रात्रीचे का?

याचे उत्तर आहे ‘इन्सॅट-१ बी’ हा भारताचा उपग्रह. तो यानाच्या पोटात ठेवलेला होता. त्याला ठरावीक वेळी, ठरावीक ठिकाणीच सोडणे आवश्यक होते. ते गणित जुळवायचे तर उड्डाण रात्रीच करावे लागणार होते. म्हणून ३० ऑगस्ट १९८३ रोजी, अमेरिकेत मध्यरात्र उलटून गेल्यावर, स्पेस शटलने रात्रीच्या वेळी पहिले उड्डाण केले. दुसऱ्या दिवशी उपग्रह अवकाशात सोडण्यात आला.

त्याआधीचा ‘इन्सॅट-१ ए’ १९८२ मध्ये काही महिन्यांतच बंद पडला होता. त्यामुळे सर्वांचे लक्ष याच्याकडे लागले होते. सुरुवातीला याचीही सौरपट्टी नीट उघडेना. शास्त्रज्ञांनी जमिनीवरून संदेश पाठवत प्रयत्न चालू ठेवले आणि अखेर ती उघडली. पुढे याच उपग्रहामुळे दूरदर्शनचे कार्यक्रम आणि दूरध्वनी दूरदूरच्या गावांपर्यंत पोहोचले. ढगांची छायाचित्रे मिळू लागली. वादळाची सूचना मच्छीमारांसाठी किती मोलाची असते, हे आपल्या सिंधुदुर्गात कोणाला सांगायला नको.

बिल्ल्यांवर दुःखाच्या आठवणीही आहेत. २८ जानेवारी १९८६ रोजी हेच ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांतच नष्ट झाले. त्यात सात जण मृत्युमुखी पडले. त्यांच्यात क्रिस्टा मॅकॉलिफ ही एक शाळेतील शिक्षिका होती. ती अंतराळातून मुलांना धडे देणार होती. त्या मोहिमेच्या बिल्ल्यावर तिच्या नावाशेजारी एक लहानसे सफरचंद आहे. अमेरिकेत सफरचंद हे शिक्षकाबद्दलच्या प्रेमाचे चिन्ह मानतात. तो धडा झाला नाही. सफरचंद मात्र राहिले. या अपघातामुळे भारतीय अंतराळवीराला शटलमधून पाठवण्याची योजनाही रद्द झाली.

मित्रांनो, पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरच्या संध्याकाळी आकाशात पाहा. जवळजवळ डोक्यावर एक तेजस्वी तारा दिसेल. तो गरुड तारकासमूहातला मुख्य तारा. मराठीत त्याला श्रवण म्हणतात. अरबांनी त्याला ‘अन्-नस्र अत्-ताइर’, म्हणजे उडणारा गरुड, असे नाव दिले. ‘ताइर’ म्हणजे पक्षी, हे तुम्हांला उर्दूमुळे ठाऊकच आहे. त्याच नावावरून युरोपात ‘अल्टेर’ हा शब्द आला. एकाच ताऱ्याला आपण, अरबांनी आणि युरोपीय लोकांनी आपापल्या भाषेत हाक मारली आहे. त्याच्या आसपासचे तारे ओळखण्याचा प्रयत्न करा. ज्या रात्री आपला उपग्रह निघाला, त्या रात्रीची खूण म्हणून अंतराळवीरांनी हेच तारे छातीवर लावले होते.