ऑटोच्या तोंडापुढची दांडी

कंपासपेटीतली पारदर्शक पट्टी कधी मोडली आहे का तुमच्या हातून? जरा वाकते, आणखी जरा वाकते, आणि एकदम टक्क! तुटलेली कड बोटाला किती बोचते! आता असल्याच प्लॅस्टिकचा तुकडा कुणी तोंडापुढे लावून मैदानात उतरला तर?

अमेरिकेत ऑटो ग्रॅहम नावाच्या खेळाडूने हे खरंच केलं होतं. आईवडील दोघंही संगीत शिकवणारे, त्यामुळे ऑटो पियानोही वाजवायचा आणि व्हायोलिनही. पुढे तो ‘क्लीव्हलँड ब्राउन्स’ संघात अमेरिकन फुटबॉल खेळू लागला. हा खेळ आपल्या फुटबॉलसारखा नाही बरं का. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता आणि बराच वेळ हातातच. ऑटोचं काम होतं तो नेमका फेकायचं. सोडताना बोटांनी फिरकी द्यायची, म्हणजे चेंडू भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरतो आणि हवेत कोलांट्या न खाता टोक पुढे ठेवून जातो.

पण फेकणाऱ्याची नजर असते लांबच्या साथीदारावर. तेवढ्यात कुणी येऊन धडकलं तर? तेव्हा डोक्यावर हेल्मेट असायचं, बहुतेकांचा चेहरा मात्र उघडा. १५ नोव्हेंबर १९५३. सामना सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाशी. एका खेळाडूचं कोपर ऑटोच्या तोंडावर बसलं आणि तोंड फाटलं. १५ टाके पडले! आता कुणीही घरी जाऊन झोपेल. ऑटोच्या हेल्मेटला मात्र पारदर्शक प्लॅस्टिकची ढाल बसवली गेली आणि तो परत मैदानात आला. ब्राउन्स २३–२१ असे जिंकले. ही हिंमत वाचून मी तर थक्क झाले.

पारदर्शक म्हणजे समोरचं छान दिसणार. पण आपली पट्टी आठवा. असलं कडक प्लॅस्टिक फार वाकत नाही, जोराचा दणका बसला की तडकतं, आणि धारदार तुकडे नेमके चेहऱ्याजवळ! म्हणून प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी हेल्मेट बनवणाऱ्या रिडेल कंपनीला कामाला लावलं. त्यातून आली नळीसारखी गोल दांडी. सायकलची दांडी आतून पोकळ असूनही कशी दणकट असते, तशीच. कोपर आधी दांडीवर आपटतं, तिथून धक्का हेल्मेटवर पसरतो आणि ओठ वाचतात.

ऑटो ब्राउन्सकडून १० मोसम खेळला आणि दहाही वेळा त्याचा संघ अंतिम सामन्यात पोहोचला. त्यातले ७ जिंकले! १९५५ च्या मोसमानंतर तो थांबला. त्या एका दांडीच्या मात्र पुढे दोन झाल्या, तीन झाल्या, आणि आज या खेळाडूंच्या तोंडापुढे अख्खी जाळी असते.