विदारीकंदाचा गुण आणि आंत्रातील जीवाणू

रजोनिवृत्तीच्या काळातील दाह, स्वेदाधिक्य व निद्रानाश यांवर विदारीकंदाचे चूर्ण योजण्याचा प्रघात वैद्यांत आहे. एका रुग्णेस उतार पडतो. दुसरीस त्याच मात्रेने, त्याच अनुपानाने काहीच लाभ होत नाही. मग पेण काय नि रोहा काय, औषधी पुरविणाऱ्या विक्रेत्याकडे बोट दाखविले जाते. ते सर्वस्वी अन्यायाचे नाही. घोडवेलीच्या कंदाऐवजी भुईकोहळा, म्हणजे क्षीरविदारी, बाजारात सर्रास खपतो. घोडवेल शिंबी कुळातील. तिच्या कंदात प्युरेरिन, डेडझीन ही इस्ट्रोजेनसदृश द्रव्ये असतात. भुईकोहळ्याचे कुळच निराळे. ओला कंद कापताच दुधासारखा चीक आला, तर तो घोडवेलीचा नव्हे.

परंतु कंद अस्सल असूनही गुण का येत नाही? प्युरेरिनपासून डेडझीन आणि डेडझीनपासून इक्वॉल हे अधिक प्रभावी द्रव्य आंत्रातील जीवाणू घडवितात. इक्वॉल प्रथम 1932 साली घोडीच्या मूत्रात सापडले, मानवी मूत्रात 1982 साली. ते सर्वांच्या शरीरात तयार होत नाही. पाश्चात्त्यांत सुमारे तिघा-चौघांपैकी एकात, तर जपान-कोरियाकडे निम्म्यांच्या आसपास व्यक्तींत ते आढळते. जवस व तीळ यांतील लिग्नान द्रव्यांचेही तसेच; त्यांचे एन्टरोलॅक्टोन जीवाणूच करतात. फिनलंडमधील 2002 सालच्या अभ्यासात प्रतिजैविके घेतलेल्यांच्या रक्तात ते कमी आढळले. अग्नी व ग्रहणीचा विचार करूनच औषध योजणाऱ्या आम्हांस याचे नवल वाटू नये. तथापि जीवाणू म्हणजेच अग्नी, असे घाईचे समीकरणही आम्ही मांडणार नाही.

व्यवहारात एवढे करावे. गेल्या वर्षभरात प्रतिजैविके किती वेळा घेतली, हे रुग्णेस विचारावे. आमपाचन आधी, बृंहण नंतर. आपल्याकडील मोड आलेल्या वालांचे बिरडे अग्निबल पाहून द्यावे; सोयाबीनच्या तुलनेत वालांत ही द्रव्ये अत्यल्प, पण त्यांतील तंतू जीवाणूंचे अन्न होय. वातप्रकृतीच्या रुग्णेस मात्र जपून.

स्तनाच्या कर्करोगासाठी संप्रेरकविरोधी औषध चालू असलेल्या स्त्रीस विदारी वा जवसाचे चूर्ण तिच्या कर्करोगतज्ज्ञास विचारल्यावाचून देऊ नये. दुकानात कोणी ते नुसते नावाने मागितले, तर कोणासाठी हवे एवढे विक्रेत्यानेही विचारावे.