गेट पास गेला तरी पहचान कार्ड जपा

लेखमाला : पगाराच्या पावतीमागे – लेखांक ६

हावड्याहून मुंबईकडे येणारी गाडी दुर्ग सोडून राजनांदगावच्या दिशेने निघाली, की वाटेत रसमड़ा नावाचं छोटं स्टेशन लागतं. बहुतेक मराठी प्रवाशांनी ते झोपेतच मागे टाकलेलं असतं. आसपास लोखंड-पोलादाचे खाजगी कारखाने आहेत आणि त्यांतली बरीच माणसं ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतात. मंदी आली की भिलाईच्या बोलीत माणसाला ‘काम से बैठा दिया’ जातं. पत्र नाही, नोटीस नाही, फक्त गेट पास जमा करून घेतात. पगार थांबल्याचं त्याच दिवशी कळतं. दवाखान्याचा प्रश्न मात्र घरात कुणी आजारी पडल्यावरच समोर येतो. तोवर सगळ्यांनी धरलेलंच असतं की नोकरी गेली म्हणजे ईएसआय, अर्थात कर्मचारी राज्य विमाही गेला.

ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यापायी कामगार हक्काचा उपचार सोडून खाजगी दवाखान्यात कर्ज काढून पैसे भरतात.

मासिक २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार ईएसआयखाली येतो. १६,००० पगार असेल तर त्याचे ०.७५ टक्के, म्हणजे १२० रुपये कापले जातात आणि मालक ३.२५ टक्क्यांनी ५२० रुपये भरतो. हा पैसा चालू महिन्यापुरता नसतो. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत भरलेल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधले लाभ मिळतात, तर ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर त्यानंतरच्या जुलै ते डिसेंबरमधले. अट एवढीच, की त्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी असावी. महिन्याचे २६ दिवस धरले तर हे तीन महिने होतात.

आता हिशोब करून पाहा. एखादा माणूस आदल्या वर्षापासून कामावर आहे आणि ३१ ऑगस्टला त्याला बसवलं. मागच्या ऑक्टोबर-मार्चच्या वर्गणीवर त्याला डिसेंबरअखेरपर्यंत उपचार मिळतात आणि एप्रिल-ऑगस्टच्या वर्गणीवर पुढच्या ३० जूनपर्यंत. नोकरी सुटल्यावर तब्बल दहा महिने, तेही बायको-मुलांसह. हाच माणूस नोव्हेंबरअखेर गेला, तर ऑक्टोबर आणि नोव्हेंबर मिळून ७८ दिवस भरत नाहीत, म्हणून त्याचीही हद्द ३० जूनच. तो आणखी महिनाभर टिकला असता, तर ती ३१ डिसेंबरपर्यंत गेली असती. काम सोडण्याची तारीख थोडीफार आपल्या हातात असेल, तर हे कॅलेंडर आधी बघावं.

अडचण येते ती ठेकेदाराकडे. पगारातून पैसे कापले जातात, पण ते भरले आहेत की नाही हे कोण पाहणार? तुम्हीच. पहचान कार्डावरचा, म्हणजे ईएसआयच्या ओळखपत्रावरचा, विमा क्रमांक टाकला की ईएसआयसीच्या पोर्टलवर भरलेले दिवस दिसतात. दिवस कमी दिसले तर शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि सोबत पगाराच्या पावत्या जोडा. ठेकेदार पळाला तरी वर्गणीची जबाबदारी मूळ कारखान्यावर येते. ‘आमचा माणूस नाही’ हे कारखान्याचं उत्तर कायद्यापुढे टिकत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हिशोब चुकता करताना अनेक ठिकाणी आधीच टाइप केलेला राजीनामा पुढे सरकवतात. १ एप्रिल २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. कारखाना बंद पडल्याने किंवा कपातीने काम गेलं आणि किमान दोन वर्षं विमा असेल, तर तिच्यात जास्तीत जास्त दोन वर्षं बेकारी भत्ता मिळतो आणि त्या काळात कुटुंबाचा उपचारही सुरू राहतो. कागदावर ‘स्वेच्छेने’ हा शब्द आला, की हे दार बंद. उरलेल्या चार पैशांसाठी ही सही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. २०१८ ची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना वेगळी. तिच्यात ९० दिवसांपर्यंत रोख मदत मिळते. तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. म्हणून अर्जाआधी शाखा कार्यालयात चालू नियम विचारून घ्या.

दुर्गच्या दक्षिणेला दल्ली राजहराच्या लोहखाणी आहेत. भिलाईच्या भट्ट्यांना खनिज तिथून जात आलं. तिथल्या ठेका मजुरांनी ‘कुणाच्या दवाखान्यात जायचं’ हा प्रश्न वेगळ्याच रीतीने सोडवला. शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखालच्या संघटनेने वर्गणी आणि अंगमेहनत घालून ३ जून १९८३ रोजी शहीद हॉस्पिटल सुरू केलं. हे विम्याचं उदाहरण नाही, पण ते वगळून या भागातल्या कामगारांच्या आरोग्याबद्दल लिहिणं मला जमत नाही.

पगार २१,००० च्या वर असलेल्या सुपरवायझर-इंजिनिअरांकडे कंपनीची ग्रुप मेडिक्लेम असते, आणि ती बहुधा शेवटच्या दिवशीच संपते. अमेरिकेत काम करणाऱ्या मराठी मुलांना कोब्रा कायदा ठाऊक असतो: सहसा १८ महिने तोच विमा, पण १०२ टक्क्यांपर्यंत हप्ता स्वतः भरायचा. आपल्याकडे तसा कायदा नाही. आहे तो त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा पर्याय. तो घेतला तर आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जेवढा पार पडला तेवढा धरला जातो. हा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षं असतो. विमा कंपनी तपासण्या मागू शकते, म्हणून अर्ज नोकरीत असतानाच टाका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, एवढाच दिलासा.

यातलं काहीच लागू होत नसेल, तर आयुष्मान कार्ड काढा. छत्तीसगडमध्ये त्यासाठी राज्याचं रेशनकार्ड महत्त्वाचं. विदर्भातून तिकडे गेलेल्यांचं नाव अनेकदा गावच्याच कार्डावर राहिलेलं असतं. १ जुलै २०२४ पासून महात्मा फुले जनआरोग्य योजना महाराष्ट्रातल्या सर्व कुटुंबांसाठी पाच लाखांपर्यंत झाली आहे, तेव्हा ते गावचं कार्डही टाकून देऊ नका.

पुढच्या आठवड्यात ग्रॅच्युइटी. तोवर पगाराच्या मागच्या बारा पावत्या शोधून एका पाकिटात ठेवा, पुढच्या लेखांकातही त्या लागतील.