मणके जोडताना पाठीच्या स्नायूंचे काय होते?

मणका पुढे सरकला किंवा दोन मणक्यांमधली गादी पार झिजली, आणि औषधे-व्यायामांनी गुण येईना, की काही रुग्णांना ते दोन मणके कायमचे जोडून घेण्याचा सल्ला मिळतो. ही शस्त्रक्रिया जुनी आहे. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्स आणि फ्रेड आल्बी यांनी ती स्वतंत्रपणे केल्याची नोंद आहे. आज स्क्रू आणि रॉड बसवून मणके स्थिर करतात व मध्ये हाडाचे कलम भरतात. पुढच्या काही महिन्यांत दोन्ही मणके सांधून एक होतात.

मणक्यापर्यंत पोहोचायचे, तर वाटेत पाठीचे स्नायू येतात. त्यांतला सर्वांत आतला मोठा स्नायू म्हणजे मल्टिफिडस. कमरेच्या मणक्यांना चिकटून असलेला हा स्नायू वाकताना, वळताना त्यांना जागच्या जागी धरून ठेवतो. त्याच्या प्रत्येक पदराला एकाच पातळीवरून आलेली बारीक नस मिळते. ती दुखावली, तर शेजारची नस तिचे काम सहसा भरून काढत नाही.

खुल्या शस्त्रक्रियेत पाठीच्या मधोमध छेद घेऊन हा स्नायू हाडापासून सोडवतात आणि रिट्रॅक्टर लावून बाजूला ओढून धरतात. ताण बराच वेळ राहिला की स्नायूचा रक्तपुरवठा घटतो, नसही दुखावू शकते. अशा रुग्णाच्या नंतरच्या एमआरआयमध्ये काळसर स्नायूच्या जागी चरबीचे पांढरे पट्टे दिसतात.

छोट्या छेदाच्या पद्धतीत मध्यरेषेच्या बाजूला काही सेंटिमीटरचे छेद घेतात. एकावर एक जाड नळ्या सरकवत स्नायूंचे तंतू न कापता विलग करतात; साधारण दोन सेंटिमीटर रुंदीच्या शेवटच्या नळीतून काम चालते. स्नायूंच्या मधून वाट काढण्याची कल्पना अमेरिकी सर्जन लिऑन विल्त्से यांनी १९६८ मध्येच मांडली होती.

या पद्धतीत रक्तस्राव कमी होतो, रुग्णालयातला मुक्कामही सहसा घटतो. स्नायूंची हानी कमी होते, पण पूर्ण टळत नाही. वर्ष-दोन वर्षांनी मात्र वेदना आणि हालचाल यांत दोन्ही पद्धतींचे रुग्ण बहुधा बरोबरीला येतात. शिवाय छोट्या छेदातून हाड थेट दिसत नसल्याने क्ष-किरणांचा वापर वाढतो, आणि सर्जनला हात बसायला वेळ लागतो. पाठीचा मोठा बाक किंवा अनेक मणक्यांचा आजार असेल, तर अनेकदा खुली पद्धतच सोयीची ठरते.

बऱ्याच रुग्णांचा मल्टिफिडस वर्षानुवर्षांच्या दुखण्याने आधीच क्षीण झालेला असतो. तो शस्त्रक्रियेने आपोआप सुधारत नाही. त्यासाठी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने व्यायाम लागतो. म्हणून छेद किती लहान, एवढेच विचारून थांबू नये. आपल्या आजाराला कोणती पद्धत योग्य, सर्जनला तिचा अनुभव किती आणि नंतरच्या व्यायामाची सोय काय, हेही आधी विचारून घ्यावे.